एकोणीस वर्षांचा वडीलधारी

परमुलखातून आलेला धर्मप्रचारक म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरीव आकृती उभी राहते. पिकलेली दाढी, काळा झगा, हाती ग्रंथ, जिभेवर कष्टाने कमावलेली मराठी आणि पाठीशी शाळा, छापखाना व दवाखाना यांचा पसारा. एकोणिसाव्या शतकाने दिलेली ही आकृती आपण पुढे तपासून पाहिली नाही. आपल्याकडे धर्मांतराचे वाङ्मय थोडे नाही. बाबा पदमनजी आहेत, 'स्मृतिचित्रे' तर मराठी गद्याचे भूषणच आहे. परंतु हे सारे वाङ्मय धर्म स्वीकारणाऱ्याचे, किंवा लक्ष्मीबाईंप्रमाणे मागे राहून होरपळलेल्या माणसाचे आहे. धर्म सांगायला आलेल्याचे नव्हे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला, ही हकीकत त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. टिळकांचे पुढे काय झाले ते आपण जाणतो. पण तो गृहस्थ गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या मनात काय होते, आपण सांगितले ते आपल्याला तरी पुरते पटले आहे की नाही असा प्रश्न त्याला कधी पडला होता काय, हे आपल्या साहित्याने विचारलेले नाही.

हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत काही अमेरिकन कलाकृतींनी विचारला आहे. त्यांतील प्रचारक दाढीवाला नाही. त्याला पुरती मिसरूडही फुटलेली नाही. तो मॉर्मन पंथाचा आहे. त्या पंथाचे अधिकृत नाव 'येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे चर्च' असे असून 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळावे असे त्याच्या प्रमुखांनी २०१८ साली सांगितले; परंतु येथे ज्या कृतींचा विचार करावयाचा त्या सर्व हेच नाव घेतात, म्हणून आम्हीही तेच घेतो. या कृती चार आहेत: 'गॉड्स आर्मी' हा २००० सालचा चित्रपट, 'द बुक ऑफ मॉर्मन' ही २०११ सालची संगीतिका, 'एल्डर्स' ही २०१३ सालची कादंबरी आणि 'हेरेटिक' हा २०२४ सालचा चित्रपट. संगीतिका रंगभूमीवर पाहण्याचा योग आम्हांस आला नाही. तिची छापील संहिता वाचली आणि गाणी ऐकली, एवढ्याच भांडवलावर लिहीत आहोत.

प्रथम या तरुणाची ओळख करून घेऊ. १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा या गावी जोसेफ स्मिथ याने 'मॉर्मनचा ग्रंथ' छापून प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी त्याचा भाऊ सॅम्युएल त्या ग्रंथाच्या प्रती पिशवीत घालून दारोदार निघाला. तेथून ही परंपरा सुरू होते. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक मुंबईस आणि तेथून पुण्यासही येऊन गेला. पण त्याला जे थोडे अनुयायी मिळाले ते बहुतेक गोऱ्या छावणीतले. त्या काळचे प्रचारक बायकामुले मागे ठेवून निघालेले प्रौढ पुरुष असत. विसाव्या शतकात हे काम तरुणांकडे आले. मुलांसाठी दोन वर्षे, मुलींसाठी दीड वर्ष. वयाची किमान अट २०१२ साली मुलांना एकोणिसावरून अठरावर आणि मुलींना एकविसावरून एकोणिसावर आणली गेली, आणि २०१३ अखेर जगभर अशा प्रचारकांची संख्या ८३,००० वर गेली.

या व्यवस्थेचे बारकावे वाचताना आम्हांस वारंवार हसू येत होते, आणि ते परकेपणाचे हसू नव्हते. मुलगा अर्ज करतो. कोठे जायचे ते तो ठरवीत नाही. नेमणुकीचे पत्र येते आणि त्यात लिहिले असेल तेथे जावे लागते. खर्च पगारातून नव्हे, तर त्याच्या वा घरच्यांच्या खिशातून. दर थोड्या आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. जोडीदार वरून नेमून दिला जातो आणि त्याला सोडून एकट्याने कोठे जायची मुभा नसते. आठवड्याला किती जणांना भेटलो, किती जणांना शिकवले, याचे आकडे वर जातात. २०१९ पूर्वी घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून अवघी दोनदा, नाताळात आणि मातृदिनी, असे. परप्रांतात बदलीवर असलेल्या आमच्या वाचकबंधूंना यातले काहीच समजावून सांगण्याची गरज नाही. एकच गोष्ट आपल्याकडे नाही. या मुलाला कोणी नावाने हाक मारीत नाही. छातीवरच्या काळ्या पट्टीवर आडनावामागे 'एल्डर' असे कोरलेले असते. एल्डर म्हणजे वडीलधारी. एकोणीस वर्षांचा वडीलधारी!

हा वडीलधारी अनोळखी दारांवर जातो तेव्हा दार आपटले जाते आणि प्रकरण संपते. पण त्याची नेमणूक एखाद्या अमेरिकन विद्यापीठाच्या आवारात झाली म्हणजे खरी कसोटी लागते. विद्यापीठे पंथाला परकी नाहीत. १९२६ साली आयडाहो विद्यापीठाजवळ त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी पहिली धर्मशिक्षणसंस्था काढली आणि पुढे अनेक विद्यापीठांच्या कुंपणाला लागून अशा संस्था उभ्या राहिल्या. तरुण प्रचारक तेथून बाहेर पडतो, हिरवळीच्या कडेला किंवा ग्रंथालयाच्या वाटेवर उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतो. समोरून येणारी मुले त्याच्याच वयाची असतात. ती अर्ध्या चड्डीत, हा टायमध्ये. ती रात्री जागून सकाळी उशिरा उठलेली, हा पहाटेपासून नेमलेल्या वेळापत्रकात बांधलेला. त्यांना चुकण्याची मोकळीक आहे. याला दोन वर्षे बरोबर असण्याचे काम दिले आहे. आणि ती मुले नुकतीच इतिहासाच्या किंवा मानवशास्त्राच्या तासाहून आलेली असतात. कोलंबसापूर्वीच्या अमेरिकेत घोडे होते असे तुमचा ग्रंथ म्हणतो ते कसे? काळ्या पुरुषांना पौरोहित्य १९७८ पर्यंत का नाकारले? बहुपत्नीत्व १८९० मध्ये सोडण्याचे जाहीर केले, ते देवाच्या आज्ञेने की सरकारच्या धाकाने? दारावरचा म्हातारा असले प्रश्न क्वचितच विचारतो. आवारातला विद्यार्थी हटकून विचारतो. शिवाय तो आज ऐकून घेतो, उद्या मित्र होतो, परवा परीक्षा आल्या की दिसेनासा होतो.

या प्रश्नांना उत्तर देण्याची तयारी पंथाने करून घेतलेली असते, आणि आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक दशके प्रचारकांचे पाठ छापील असत आणि ते मुखोद्गत करून म्हणायचे असत. २००४ साली नवे मार्गदर्शक पुस्तक आले आणि पाठांतराचा आग्रह मागे पडून शिकवण स्वतःच्या शब्दांत मांडावी असे ठरले. आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे या फरकातील मौज आमच्या लगेच ध्यानात आली. स्वतःच्या शब्दांत बोला, असा हुकूम! हुकूम पाळावा तर शब्द स्वतःचे राहत नाहीत, आणि शब्द खरोखरच स्वतःचे निघाले तर ते हुकमाच्या चौकटीत मावतील याची हमी नाही.

येथे एक घरगुती आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दूरच्या एका प्रांतातील महाविद्यालयात अल्पबचतीचे महत्त्व सांगण्यासाठी आम्हांस पाठविण्यात आले. परिपत्रक पाठ होते. व्याजाचे दर, मुदत, कर सवलत, सारे बिनचूक म्हणून दाखवले. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, आमच्याहून फार तर दोनतीन वर्षांनी लहान असेल, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, आपण स्वतः खाते उघडले आहे काय?" उघडले नव्हते. वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण निवासावर परतल्यावर रात्री बराच वेळ झोप आली नाही. योजना खोटी नव्हती, आकडे खोटे नव्हते. तरी बोलणारा खोटा ठरला होता. ज्या कृतींविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांची परीक्षा आम्ही याच प्रश्नाने करणार आहोत. प्रचारकाने जे सांगितले ते खरे की खोटे, याचा निकाल साहित्याने द्यावयाचा नाही. पाठ केलेले वाक्य त्याचे स्वतःचे केव्हा झाले, किंवा झालेच नाही, आणि त्याची किंमत त्याने काय मोजली, एवढेच साहित्याने दाखवायचे.

रिचर्ड डचर याने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि ज्यात त्याने स्वतः भूमिका केली तो 'गॉड्स आर्मी' हा या कसोटीवर बराच उतरतो. लॉस एंजेलिसमध्ये नव्याने आलेला एल्डर ॲलन पहिल्या दिवसापासून परत जाण्याच्या गोष्टी करतो. त्याचा जोडीदार डाल्टन वयाने बराच मोठा. त्याच्या मेंदूत गाठ आहे, तरी तो घरी जायला तयार नाही. चित्रपटात जीव येतो तो मात्र किनेगर या तिसऱ्याच पात्रामुळे. हा मुलगा आपल्या पंथाविरुद्धची पुस्तके वाचतो, सोबत्यांना प्रश्न विचारून हैराण करतो आणि एका रात्री बॅग उचलून निघून जातो. डाल्टन त्याच्यामागे बसस्थानकापर्यंत धावतो, पण त्याला परत आणू शकत नाही. दिग्दर्शक त्या वेळी श्रद्धावान असूनही त्याने किनेगरला खलपुरुष केले नाही, ही त्याची सचोटी होय. त्यानंतर ॲलन रात्रभर ग्रंथ आणि प्रार्थना घेऊन बसतो. ही रात्र दाखवायची होती, आणि ती दाखवली आहे. दोष आहे तो पुढे. पंगू माणूस आशीर्वादाने उठून चालू लागतो तेथे मुलाचा निर्णय चमत्काराच्या हाती सोपवला जातो, आणि जे त्याने स्वतः कमावले होते ते त्याला दान मिळाल्यासारखे होते. डचरने स्वतः २००७ साली पंथ सोडल्याचे जाहीर केले. त्याने ॲलनची गोष्ट लिहिली, पण किनेगरचा प्रश्न त्याच्यापाशीच उरला होता, असे हा चित्रपट आज पाहताना वाटते.

ट्रे पार्कर, रॉबर्ट लोपेझ आणि मॅट स्टोन यांची संगीतिका टवाळखोर आहे, ठिकठिकाणी ग्राम्य आहे, आणि २०११ साली तिला टोनी पारितोषिके मिळाली ती नऊ. पहिलेच गाणे दारावरची घंटा वाजवून म्हणायच्या पाठ केलेल्या नमस्काराचे आहे. विषयाची नाडी लेखकांनी अचूक पकडली आहे. एल्डर प्राइसला ऑर्लँडोस नेमणूक हवी असते आणि हुकूम निघतो युगांडाचा. आमच्या वाचकांपैकी ज्याने पुणे मागून भलतेच काही पदरात घेतले असेल त्याला या प्रवेशाचे रसग्रहण शिकवायला नको. प्राइसचा जोडीदार कनिंगहॅम याने आपला ग्रंथ वाचलेलाच नाही. लोक प्रश्न विचारू लागतात तेव्हा तो चित्रपटांतल्या आणि कादंबऱ्यांतल्या गोष्टी जोडून मनाला येईल ते सांगतो, आणि लोकांना तेच आवडते. शेवटी हे सारे रूपक आहे हे आपण प्रथमपासून जाणत होतो, असे गावकरीच सांगतात. कल्पना चतुर आहे, पण लेखकांनी त्यात एक पळवाट शोधली असे आमचे मत आहे. पाठ केलेले वाक्य आणि मनाने रचलेली थाप या दोहोंच्या मध्ये तिसरे काही असू शकते, म्हणजे माणूस विचार करून, भीत भीत, आपल्या जबाबदारीवर एक वाक्य बोलू शकतो, ही शक्यता त्यांनी धरलेलीच नाही. युगांडातील माणसेही या तिसऱ्या वाक्याची मागणी करणारी माणसे नसून विनोदाची सोय आहेत. पंथाने यावर जे केले ते मात्र दाद देण्याजोगे. संगीतिकेच्या कार्यक्रमपत्रिकेत जाहिराती देऊन त्याने प्रेक्षकांना मूळ ग्रंथ वाचण्याचे आमंत्रण दिले. टीकेला इतके शांत उत्तर आपल्याकडील संस्थांनी दिल्याचे फारसे आठवत नाही.

रायन मॅकिल्वेन हा लेखक स्वतः ब्राझीलमध्ये प्रचारक होता आणि पुढे त्याने पंथ सोडला. त्याच्या 'एल्डर्स' कादंबरीत मॅकलाउड हा अमेरिकन आणि पासोस हा ब्राझिलियन अशी जोडी आहे. मॅकलाउड जन्माने मॉर्मन असून त्याचा विश्वास डळमळीत झालेला. पासोस धर्मांतराने आलेला, कडवा, आणि या मार्गाने अमेरिकेत शिक्षणासाठी जाण्याची आस धरलेला. एकाच खोलीत राहायचे, एकत्र जेवायचे, एकत्र दारोदार फिरायचे आणि एकमेकांकडे पाहणे असह्य व्हायचे, हे या कादंबरीने दाखवले तसे अन्य तिघांत कोणीही दाखवलेले नाही. पासोसच्या श्रद्धेत महत्त्वाकांक्षा किती आणि मॅकलाउडच्या शंकेत आळस किती, हे लेखक निवाडा न करता मोजत जातो. येथे प्रश्न विचारणारा समोरच्या बाकावर नाही, शेजारच्या खाटेवर आहे. चौघांत ही कृती आम्ही श्रेष्ठ मानतो.

'हेरेटिक' हा भयपट आहे आणि भयपटाच्या गरजांनी त्याचा उत्तरार्ध बिघडवला आहे. पण त्यातील दोन प्रसंग आमच्या विषयाच्या गाभ्याशी जातात. आरंभी सिस्टर पॅक्सटन आणि सिस्टर बार्न्स या दोघी रस्त्याने जात असता त्यांच्याच वयाच्या काही मुली गोड बोलून जवळ येतात आणि पॅक्सटनचा परकर ओढून तिची टर उडवतात. क्षणभराचाच प्रसंग आहे. परंतु समवयस्कांच्या उपहासापुढे ही पोर किती उघडी आहे हे तो एका झटक्यात सांगतो. पुढे रीड नावाचा वृद्ध गृहस्थ दोघींना घरात घेऊन धर्मांच्या इतिहासावर जवळजवळ प्राध्यापकी व्याख्यानच देतो. सगळे धर्म एकमेकांच्या नकला आहेत हे तो पटावरच्या खेळांच्या आणि गाण्यांच्या उदाहरणांनी पटवू पाहतो. वास्तविक रीडचेही सारे भाषण पाठ केलेलेच आहे. नास्तिकाचेही परिपत्रक असू शकते हे चित्रपटाने चांगले दाखवले. आणि शेवटी, मरणाच्या दारात, पॅक्सटन त्याला सांगते की प्रार्थनेचा उपयोग होत नाही असे प्रयोगांत दिसून आले आहे हे तिला ठाऊक आहे. तरी माणसे दुसऱ्यांसाठी प्रार्थना करतात यातच काही सुंदर आहे असे तिला वाटते. हे उत्तर कोणत्याही पुस्तिकेतले नाही. ते पंथाला गैरसोयीचे आहे आणि रीडलाही. तिचे स्वतःचे असे ते पहिले वाक्य होय. चित्रपटाचे इतर दोष आम्ही या एका वाक्यासाठी माफ करतो.

या चारही कृतींत एक उणीव मात्र समान आहे. आपल्या नायकाला त्यांनी लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांत, युगांडात, ब्राझीलमध्ये आणि एका निर्जन घरात पाठवले. विद्यापीठाच्या आवारात एकीनेही पाठवले नाही. परके, गरीब किंवा क्रूर असे श्रोते त्याच्यापुढे उभे केले. बरोबरीचा श्रोता केला नाही. जेथे बंदूक नाही, चमत्कार नाही, तळघर नाही, नुसती दुपार आहे आणि एका बाकावर एकाच वयाची दोन मुले बसली आहेत, अशी जागा कथेला फिकी पडेल असे लेखकांना वाटले असावे. आमचे मत उलट आहे. त्या बाकावरचा विद्यार्थी वाद जिंकला म्हणून काही बिघडत नाही. परंतु त्याने वाद न घालता सहज विचारले, "तू येथे आला नसतास तर आज काय शिकत असतास?" तर त्या काळ्या पट्टीवरील 'वडीलधारी' या शब्दाचे काय होईल? तो मुलगा जे उत्तर देईल त्यात त्याचे घर असेल, आईबाप असतील, सोडून आलेला अभ्यास असेल, आणि कदाचित खरी श्रद्धाही असेल. ती असली तर तेथेच दिसेल. नसली तर तीही तेथेच कळेल. ही कथा अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही. ती लिहिणारा बहुधा त्या बाकावर कधीतरी बसलेलाच कोणी असेल.

आम्ही हा विषय का निवडला, असे कोणी विचारील. मराठी मुलखाबाहेर राहणारे आम्ही लोक रोज दुसऱ्याने रचलेली वाक्ये बोलतो. वरून आलेला मसुदा खाली पाठवतो, खालून आलेली तक्रार ठरीव शब्दांत परत करतो, आणि संध्याकाळी येथील मंडळाच्या सभेत आपल्या भाषेविषयी आणि संस्कृतीविषयी जे बोलतो तेही पुष्कळदा पाठच असते. आपल्या मुलांना मराठीचे महत्त्व सांगताना आपण कोणती वाक्ये वापरतो, हे प्रत्येकाने एकदा कान देऊन ऐकावे. मुले या प्रांतात वाढलेली, ती त्या विद्यार्थ्यासारखीच आपल्यासमोर बसतात आणि कधीतरी शांतपणे विचारतात, "बाबा, तुम्ही शेवटचे मराठी पुस्तक केव्हा वाचलेत?"

त्या महाविद्यालयातून परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही खाते उघडले, हे येथे नमूद करतो. त्याने त्या मुलाला दिलेले उत्तर खरे झाले नाही. पुढच्या वेळी मात्र भाषण निम्म्याहून लहान झाले.